सत्तेचाळीस प्रयत्न

माझ्यावर विश्वास ठेवता येत नाही, असं आजवर मला तिघांनी तोंडावर सांगितलं आहे. पहिले माझे सासरे. पण त्यांनी ते लग्नाआधीच सांगितल्यामुळे त्यात व्यक्तिगत असं काही नव्हतं. दुसरे आमचे दातांचे डॉक्टर. 'दिवसातून दोनदा ब्रश करतो' या माझ्या निवेदनावर. तिसरा माझा स्वतःचा कॉम्प्युटर. पहिल्या दोघांनी निदान माझा चेहरा पाहून मत बनवलं होतं. तिसऱ्याने तेवढीही तसदी घेतली नाही. एका रविवारी सकाळी, दहाला पाच मिनिटं असताना, त्याने पडद्यावर जाहीर केलं की या यंत्राची सुरक्षा व्यवस्था बंद आहे, सबब हा गेम सुरू करता येत नाही. कृपया सिक्युअर बूट चालू करा.

'कृपया' हा शब्द माझ्या चांगला ओळखीचा आहे. चौतीस वर्षं मी तो नकाराच्या आधी वापरला.

मी नोंदणी कार्यालयात स्वाक्षरी पडताळणी विभागात होतो. लोक कागद घेऊन यायचे. त्यांच्या आजच्या सहीशेजारी मी जुन्या रजिस्टरातली सही ठेवायचो, भिंगातून दोन्ही पाहायचो, आणि शंका आली की शिक्का मारायचो : 'स्वाक्षरी जुळत नाही'. एकदा एक गृहस्थ उजवा हात प्लास्टरमध्ये घालून आले. डाव्या हाताची सही जुळणार कशी? प्लास्टर निघाल्यावर या, म्हणालो. प्लास्टर निघाल्यावर ते आले, तर हाड वाकडं जुळलं होतं. सही तेव्हाही जुळली नाही. माझ्या निरोपसमारंभात साहेबांनी हा किस्सा कर्तव्यनिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगितला आणि सगळे खूप हसले. त्या गृहस्थांना बोलावलेलं नव्हतं.

आता, त्रेसष्टाव्या वर्षी माणसाला गेम कशाला हवा, असा प्रश्न सभ्य माणसाला पडणारच. आमच्या इमारतीत तर तो सगळ्यांनाच पडला, आणि सभ्य नसलेल्यांनी विचारलाही.

त्याचं असं आहे. आमचा मुलगा दूर असतो. इतका दूर की आमची सकाळ ही त्याची संध्याकाळ. फोनवर आमचं दोघांचं बोलणं चाळीस सेकंद चालतं. जेवलास का, हो, तुम्ही, हो, तिकडे हवा कशी, ठीक, आईला देतो. मग आई त्याच फोनवर, त्याच मुलाशी, पन्नास मिनिटं बोलते. यंत्रात दोष नाही, हे यावरून सिद्ध होतं.

गेल्या वर्षी तो आठ दिवस घरी आला होता. पाचव्या दिवशी बोलण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि एक गेम शिकवला. एक बेट असतं. विमानातून माणसं त्यावर उतरतात आणि एकमेकांना गोळ्या घालतात. का घालतात हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. समाधानकारक उत्तर मिळालं नाही. पण दोघांची जोडी करून खेळता येतं, आणि तेव्हापासून दर रविवारी दहा ते अकरा आम्ही बापलेक त्या बेटावर भेटतो.

त्यातला एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही. गुडघ्यांवर येतो, रांगायला लागतो, आणि त्याच्या डोक्यावर एक वर्तुळ दिसतं, ते हळूहळू रिकामं होत जातं. ते पुरतं रिकामं व्हायच्या आत जोडीदाराने येऊन हात दिला, तर तो उठतो. मी साधारण दर सात मिनिटांनी पडतो. आणि दर वेळी कानात आवाज येतो, "बाबा, थांबा. हलू नका. येतो." आणि तो येतो. डोंगर उतरून, गोळ्या चुकवत, हातातली चांगली बंदूक टाकून येतो. मागच्या वर्षी मी न्हाणीघरात घसरून पडलो, तेव्हा त्याला यायला जमलं नव्हतं; त्याचंही बरोबर होतं, विमानाला एकोणीस तास लागतात. पण बेटावर मी पडलो आणि तो आला नाही, असं एकदाही झालेलं नाही. कधी कधी मी मुद्दाम पडतो. हे त्याला माहीत नाही.

तर त्या रविवारी गेम सुरू होईना. मी त्याला कळवलं, नेट गेलंय. त्याचं उत्तर आलं, "ठीक आहे. पण पुढच्या रविवारचं नक्की सांगा बाबा. नाहीतर ऑफिसातली मंडळी त्यांच्यात ये म्हणून मागे लागली आहेत. दर वेळी नाही म्हणायला बरं दिसत नाही."

"नक्की," मी लिहिलं.

माझ्या हातात सहा दिवस होते.

सिक्युअर बूट म्हणजे काय, हे मला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी समजावलं. हे गृहस्थ आयुष्यभर पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात होते आणि त्यामुळे त्यांना सगळं कळतं. इमारतीत त्यांना सर्वज्ञ म्हणतात. त्यांना वाटतं कौतुकाने म्हणतात.

"सोपं आहे साहेब," ते आमच्या खुर्चीत बसत म्हणाले. "मशीन सुरू होताना आत जे जे प्रोग्राम चढतात, त्या प्रत्येकावर बनवणाऱ्याची सही असते. सिक्युअर बूट म्हणजे दारात बसलेला कारकून. प्रत्येकाची सही तपासतो. जुळली तर आत, नाही तर बाहेर. तुमच्याकडे हा कारकूनच गैरहजर आहे. आणि लबाडी करणारे खेळाडू फार वाढल्यामुळे गेमवाले आता म्हणतात, दारात कारकून नसेल तर आम्ही येत नाही."

चौतीस वर्षं ज्या खुर्चीत मी बसलो, ती खुर्ची माझ्याच घरात रिकामी होती, आणि म्हणून मला प्रवेश नव्हता.

"मशीन सुरू करताना एफ-टू दाबत राहायचं," सर्वज्ञ म्हणाले. "निळा पडदा येईल. त्यात जाऊन चालू करायचं. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी गळका नळ दुरुस्त केला आहे त्याला वेगळं सांगायला नको. एफ-टू दाबलं. निळा पडदा आला. त्याच्या मधोमध एक छोटी चौकट होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, पासवर्ड टाका.

"पासवर्ड कुणी ठेवला?" सर्वज्ञांनी विचारलं.

"कुणी काय," मी म्हणालो, आणि मग मला आठवलं.

मीच ठेवला होता.

मुलाच्या शाळेचं ते शेवटचं वर्ष होतं. ऑफिसने नवी मशीनं घेतली तेव्हा तसलंच एक भक्कम मशीन मी घरी आणलं होतं, त्याच्या अभ्यासासाठी. त्याने त्यावर गेम चढवला. मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला घरी आणून मशीनला पासवर्ड घातला. एक मशीन सुरू करायला, आणि तोच आत निळ्या पडद्यावर जायला. परीक्षा झाल्यावर सुरू करायचा मी काढून टाकला. आतला राहून गेला. मधल्या आठ वर्षांत त्या दारापर्यंत जायची वेळच आली नाही.

"मग मुलालाच विचारा की. त्याला आठवत असेल," सर्वज्ञ म्हणाले.

"ज्याच्यासाठी कुलूप लावलं, त्यालाच किल्ली विचारू?"

यात दुसरीही एक अडचण होती, ती मी सर्वज्ञांना सांगितली नाही. त्या वर्षाबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. मुलाला सदुसष्ट टक्के पडले होते. त्यानंतर मी त्याच्याशी चार महिने बोललो नाही. म्हणजे अगदीच बोललो नाही असं नाही. 'दार लावून घे' असं दोन-तीनदा म्हणालो असेन. आमच्या चाळीस सेकंदांच्या फोनचा उगम शोधायला गेलं तर तिथे सापडेल. बेटावर ते वर्ष नसतं, हीच तर त्या बेटाची गंमत आहे. तिथे जाण्यासाठी तेच वर्ष उकरून काढायचं, हे मला परवडणारं नव्हतं.

मी एक रेघांची वही घेतली. चार रकाने आखले : अनुक्रमांक, प्रयत्न, वेळ, शेरा. कामाला शिस्त हवी. शेऱ्याच्या रकान्यासाठी माझ्याकडे सोयही होती. निवृत्त होताना मी शिक्का घरी आणला होता. आणायचा नसतो, पण आणला होता.

पहिला प्रयत्न, माझा कर्मचारी क्रमांक. जुळत नाही. दुसरा, माझी जन्मतारीख. जुळत नाही. तिसरा, तीच उलटी. जुळत नाही. तीन प्रयत्न चुकले की ते मशीन संपावर जायचं. बंद करून, थोडं थांबून, पुन्हा सुरू करायचं, पुन्हा एफ-टू. मग स्कूटरचा नंबर. घराचा नंबर. माझ्या टेबलावरच्या फोनचा एक्स्टेन्शन नंबर, आणि साहेबांच्या टेबलावरच्या फोनचाही. बढतीची तारीख. दुसऱ्या बढतीची तारीख, जी मिळाली नाही पण मिळणार होती. वाचनालयाच्या कार्डाचा नंबर. लग्नाची तारीख घालत होतो तेव्हा बायको मागे उभी होती.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"आपल्या लग्नाची तारीख."

"ती तुमच्या भावाच्या लग्नाची आहे," ती म्हणाली आणि आत गेली. दुरुस्त तारीखही टाकून पाहिली. जुळली नाही. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

मंगळवारपर्यंत एकतीस प्रयत्न झाले. बुधवारी सर्वज्ञांनी मानसशास्त्र हाती घेतलं. आठवण डोक्यात नसते, परिस्थितीत असते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मला ऑफिसचा जुना शर्ट घालायला लावला, पायांत बूट चढवायला लावले आणि मशीनसमोर बसवून डोळे मिटायला सांगितलं.

"त्या दिवशी काय जेवला होतात?"

"आठवत नाही."

"कुणावर चिडला होतात?"

"सगळ्यांवर."

"विशेष करून?"

मी डोळे उघडले. शर्टाचं वरचं बटण त्या आठ वर्षांत लागेनासं झालं होतं, तेवढाच निष्कर्ष त्या प्रयोगातून निघाला.

मग त्यांना वाटलं की मशीनला वीज अजिबात मिळाली नाही तर ते आपोआप विसरेल. मी प्लग काढला. एवढ्याने नाही व्हायचं, भिंतीतूनही झिरपते, मुख्य बटणच बंद करायला हवं, असं म्हणून ते खाली मीटरच्या खोलीत गेले. पंपाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाने बटण ओळखण्यात चूक करू नये. त्यांनी लिफ्टचं बंद केलं. लिफ्टमध्ये आमच्या इमारतीचे सचिव होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ते पंचवीस मिनिटं होते आणि त्या वेळात त्यांनी मजकूर मनात तयार केला असावा. कारण बाहेर येताच त्यांनी तो एकटाकी लिहून खालच्या फलकावर लावला : 'काही ज्येष्ठ सभासद स्वतःच्या गेम खेळण्याच्या हौसेपायी सामायिक वीजपुरवठ्यात ढवळाढवळ करीत आहेत. वयाला साजेसे वर्तन अपेक्षित आहे.' खाली सही होती. ती मी सवयीने नीट पाहिली. अस्सल होती.

'काही ज्येष्ठ सभासद' हे अनेकवचन होतं, पण सर्वज्ञ त्या अनेकवचनातून कधी सटकले ते कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात मी त्यांना सचिवांशी बोलताना ऐकलं, "मी तेव्हाच म्हणत होतो त्यांना, या वयात नको."

गुरुवारी मशीन कापडात गुंडाळून दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार चाळिशीचा होता. चष्मा कपाळावर ठेवून तो चष्मा शोधत होता. तो सापडल्यावर त्याने मशीन उघडलं आणि नाण्याएवढी एक बॅटरी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही काढली की मशीन सगळं विसरतं, काका. दहा मिनिटं धरून बसा."

मी दहा मिनिटं बॅटरी धरून बाकावर बसलो. शेजारी आणखी दोन माणसं आपापल्या मशीनचे भाग हातात घेऊन बसली होती. दवाखान्यात बसतात तसे आम्ही एकमेकांकडे न बघता बसलो होतो.

बॅटरी परत बसवली. मशीन सुरू झालं. दुकानदार म्हणाला होता त्याप्रमाणे ते खरंच सगळं विसरलं होतं. आजची तारीख विसरलं. घड्याळ थेट नऊ वर्षं मागे गेलं. त्या तारखेला मी नोकरीत होतो, मुलगा घरात होता, आणि पासवर्ड अजून घातलेलाच नव्हता. तरी निळ्या पडद्यावर चौकट होतीच : पासवर्ड टाका.

"हे ऑफिसांसाठी बनवलेलं मॉडेल आहे काका," दुकानदार म्हणाला. "यात पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो. फार भक्कम. कुणी बसवला हा?"

"होता एक," मी म्हणालो.

"मग आता कंपनीच. मशीन तुमचंच आहे हे पटवलंत तर ते उघडायचा कोड देतात."

हे ऐकून मला उलट हायसं वाटलं. अर्ज, पुरावा, पडताळणी; म्हणजे माझाच प्रांत. कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी मला एक ते नऊ आकड्यांपैकी पाच दाबायला लावले आणि मग गोड आवाजात सांगितलं की खरेदीची पावती आणि सही केलेला अर्ज पाठवा. पावती माझ्याकडे होती. माझ्याकडे पावत्या असतातच. पावतीवर तेव्हाची माझी सही होती. अर्जावर मी आजची केली. निळ्या शाईत, चौकटीच्या आत, रेघेला न शिवता. असा निर्दोष अर्ज त्या केंद्राने पाहिला नसेल, याची मला खात्री होती. तेवढ्या वेळात वहीतल्या नोंदी सत्तेचाळीसवर गेल्या, पण त्या आता मी नुसत्या वेळ घालवायला करत होतो.

शुक्रवारी संध्याकाळी उत्तर आलं. 'आपला अर्ज काळजीपूर्वक तपासण्यात आला. पावतीवरील व अर्जावरील स्वाक्षरी जुळत नाही. कृपया...'

पुढचं वाचलं नाही. भिंग काढलं. दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि पाहत बसलो. जुन्या सहीतलं पहिलं अक्षर ताठ होतं, शेवटची रेघ पानाबाहेर जायला निघालेली. नवी सही थोडी थरथरलेली. शेवटची रेघ निघायच्या आधीच दमलेली. कंपनीत अर्ज तपासणाऱ्या माणसाच्या जागी मी असतो तर मीसुद्धा शिक्का मारला असता. विनाकारण मला त्या प्लास्टरवाल्या गृहस्थांची आठवण झाली. त्यांचा कागद कशाचा होता, हे मात्र आठवेना. बहुधा मी तेव्हाही वाचला नव्हता.

शनिवारी दुपारी बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर बसून म्हणालो की उद्या त्याला कळवावं लागेल, आता नाही जमायचं, तू ऑफिसातल्या मंडळींबरोबर खेळ.

"का?"

"कंपनीने नाही म्हटलं. आता तो पासवर्ड या जन्मात मिळत नाही."

"मशीनचा ना?" उशीचा अभ्रा झटकत ती म्हणाली. "पंच्याण्णव पंच्याण्णव."

"काय?" मी म्हणालो.

"नऊ पाच नऊ पाच," तिने फोड करून सांगितली. "आकड्यात."

पंच्याण्णव. त्या वर्षी त्याला पंच्याण्णव टक्के पडायला हवे होते. मी तो आकडा कागदावर लिहून त्याच्या टेबलासमोर चिकटवला होता, फ्रिजवर चिकटवला होता, तो दात घासायचा त्या आरशाच्या कोपऱ्यातही चिकटवला होता. निकालानंतर मीच ते कागद काढले आणि मग आठ वर्षं मेहनत करून तो आकडा विसरलो. माझ्या हातून आयुष्यात पूर्णत्वाला गेलेलं ते एवढं एकच काम.

"तुला कसं माहीत?"

"त्यानेच सांगितलं होतं. तुम्ही पासवर्ड घातलात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी उघडलं त्याने. तिसऱ्या झटक्यात उघडलं म्हणाला."

"तिसऱ्या?"

"हो. वर्षभर खेळायचा की रोज तासभर, तुम्ही ऑफिसात असताना. आत जाऊन त्याने काहीतरी बंदही केलं होतं. मित्राकडचा कुठला गेम चढेना म्हणून."

म्हणजे दारातल्या कारकुनाला त्यानेच घरी पाठवलं होतं. गेमसाठी.

"शक्य नाही," मी म्हणालो. "मी रोज आल्या आल्या मशीनच्या पाठीवर हात ठेवून बघायचो. थंड असायचं."

"पंखा लावायचा ना तो. स्कूटरचा आवाज आला की टेबलफॅन मशीनकडे. तुम्ही जिना चढून, कुलूप उघडून, बूट न काढता आत येईपर्यंत गार व्हायचं." तिने अभ्र्याची घडी घातली. "एकदा त्याला ताप होता, घरीच झोपला होता. तेव्हासुद्धा तुम्ही आधी मशीनलाच हात लावला होतात."

मला ते आठवत नव्हतं. पण ते खोटं आहे असंही मला म्हणता येईना.

"आणि तू हे सगळं आठवडाभर पोटात ठेवून बसलीस. मी वीज घालवली, फलकावर लागलो, बॅटरी धरून बसलो..."

"तुम्ही विचारलंत कुठे?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिने तो कधीच चढवलेला नाही. "वरच्यांना विचारलंत. दुकानात विचारलंत. कंपनीला अर्ज केलात. मी इथेच होते."

पासवर्ड टाकला. दार उघडलं. आतल्या पानावर सिक्युअर बूटसमोर 'बंद' लिहिलं होतं, ते 'चालू' केलं. सर्वज्ञांनी सांगितलं होतं तसं दोन मिनिटांचं काम. त्यांचा अंदाज बरोबर निघाला, याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं.

रविवारी दहाला गेम सुरू झाला. आम्ही बेटावर उतरलो. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. चौतीस वर्षांत एकही संशयित कागद मी सोडला नव्हता. हा एक सोडायचा. मुलगा खुशीत होता. "बाबा, नेट झालं का नीट?" म्हणाला. झालं, म्हणालो. त्याने मला एक बरं हेल्मेट शोधून दिलं.

सातव्या मिनिटाला मी पडलो. या वेळी मुद्दाम नाही.

"थांबा, हलू नका. येतो," कानात आवाज आला. समोरच्या उतारावरून तो धावत येताना मला दिसत होता. माझ्या डोक्यावरचं वर्तुळ रिकामं व्हायला लागलं होतं. आणि तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं,

"तिसऱ्या प्रयत्नात उघडलंस म्हणे."

उतारावरचा माणूस मध्येच थांबला.

"आईने सांगितलं?"

"हो. डोकं चांगलं होतं तुझं." मला खरोखर कौतुक करायचं होतं. पण माझ्या तोंडून वाक्य बाहेर पडताना त्यावर शिक्का बसूनच पडतं.

हेडफोनमध्ये थोडा वेळ नुसतं वारं वाहत होतं. बेटावर वारं फार आहे.

"डोकं कसलं बाबा," तो म्हणाला. "पहिल्यांदा मी माझी जन्मतारीख टाकली. मग आईची. मग कळलं काय असणार ते."

तो रागाने बोलला नाही. दुकान कुठल्या गल्लीत आहे ते सांगावं, तसं सांगितलं. मग तो पुन्हा धावत आला, शेजारी गुडघे टेकून बसला आणि मला हात दिला. वर्तुळ एका चिमटीएवढं उरलं होतं. मी उठलो.

"माझ्या मागे राहा," तो म्हणाला.

अकरापर्यंत मी त्याच्या मागे राहिलो. जाताना तो नेहमी 'चला, पुढच्या रविवारी' म्हणतो. या वेळी म्हणाला, "पुढच्या रविवारचं कळवतो."

मशीन बंद केलं. टेबलावर वही पडली होती, ती उघडली. सत्तेचाळीस नोंदी. सगळ्या सुवाच्य, अनुक्रमांकासहित, प्रत्येकीसमोर सरळ शिक्का. पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत वाचत गेलो. मग भिंग घेऊन पुन्हा एकदा. साहेबांचा एक्स्टेन्शन नंबर होता. न मिळालेल्या बढतीची तारीख होती. भावाच्या लग्नाची तारीखही होती.

त्याची जन्मतारीख नव्हती. स्कूटरचा नंबर दोनदा होता.